बरोसा खोऱ्यातील द्राक्षमळे

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड हे शहर मराठी श्रोत्यांना ठाऊक आहे ते बहुधा क्रिकेटमुळे. १९४८ च्या जानेवारीत विजय हजारे यांनी तेथील कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५. त्याच सामन्यात दत्तू फडकर यांनीही १२३ धावा केल्या होत्या. हजारे मूळचे सांगलीचे. त्या सांगली-तासगावच्या बाजूला आज बेदाणा करताना द्राक्षांचे घड ज्या द्रावणात बुडवून काढतात, ती रीत ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा ॲडलेडचे मैदान आणि द्राक्षाचा घड या दोन गोष्टी मराठी मनात एकमेकींपासून फार लांब नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र मैदान पाहून आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरून जो प्रवासी ॲडलेडहून परत फिरतो, त्याला दक्षिण ऑस्ट्रेलिया कळला असे होत नाही. त्यासाठी त्याने शहराबाहेर पडून ईशान्येच्या रस्त्याला लागले पाहिजे.

हा रस्ता गॉलर या जुन्या गावावरून जातो, आणि सुमारे ७० किलोमीटरवर, तासाभराच्या अंतराने, बरोसाच्या खोऱ्यात उतरतो. लिंडॉक, टनंडा, नुरिऊटपा, अँगस्टन ही येथील मुख्य गावे; त्यांपैकी एकालाही आपण शहर म्हणणार नाही. खोऱ्यातून नॉर्थ पॅरा नावाची लहानशी नदी वाहते. उन्हाळ्यात भोवतालच्या टेकड्यांवरील गवत वाळून पिवळे पडते, युकॅलिप्टसची झाडे तेवढी उभी असतात, आणि त्या पिवळ्या पार्श्वभूमीवर द्राक्षवेलींच्या हिरव्या ओळी दूरवर गेलेल्या दिसतात. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. पीक तयार होताना आकाश कोरडे असते. घड भरात आले असता अवकाळी पावसाच्या धास्तीने ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्या नाशिककडील बागायतदाराला हे हवामान हेवा वाटण्यासारखे आहे. मात्र वसंतातले हिमकण आणि लागोपाठची अवर्षणे यांचे दुःख बरोसाकराला विचारावे.

एक गंमत येथेच सांगितली पाहिजे. बरोसा दक्षिण गोलार्धात, नाशिक उत्तर गोलार्धात. तेथे हिवाळा तेव्हा येथे पावसाळा. तरीही दोन्हीकडे द्राक्षे उतरतात ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. कारण आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपी जात नाही. तिला एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी अशा दोन छाटण्या देऊन माणूसच तिचे वर्ष ठरवून देतो. बरोसात हे काम थंडी करते. पाने गळतात, वेल निपचित पडते, आणि जून ते ऑगस्टमध्ये एकदाच कात्री चालते.

खोऱ्याच्या नावाची हकीकत कचेऱ्यांतून नोकरी केलेल्या कोणालाही परिचित वाटेल. ॲडलेड शहराची आखणी करणारा कर्नल विल्यम लाइट हा मोठा कर्तबगार मनुष्य. त्याचा जन्म मलायातील केडाह येथे झाला होता आणि पेनांगची वसाहत स्थापन करणारा फ्रान्सिस लाइट हा त्याचा पिता. हा विल्यम नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्पेनमध्ये लढला होता. १८११ साली स्पेनमधील बरोसा येथे इंग्रजांनी जी लढाई जिंकली, तिच्या सेनापतीशी त्याचा स्नेह होता. १८३७ मध्ये हे खोरे नजरेस पडले तेव्हा त्याने त्या लढाईचे नाव याला दिले. सेनापती पुढे लॉर्ड लिनेडॉक झाला होता, म्हणून त्याचेही नाव जवळच्या जागेला मिळाले. पण नोंदी होता होता दोन्ही नावांची वर्णरचना चुकली, आणि कागदावर एकदा चुकलेले कायम होते या न्यायाने तीच रूढ झाली.

अर्थात त्या जागेला आधी नावे नव्हती असे नाही. पेरामँक, नगाजुरी आणि कौर्ना या आदिवासी जमातींची ही भूमी. त्यांना कोणी विचारले नाही. लंडनमध्ये कायदा झाला, भूमी मोजली गेली, आणि एकरी एक पाउंड या दराने तिची विक्री सुरू झाली. जॉर्ज फाइफ अँगस हा लंडनचा धनिक व्यापारी या वसाहतीचा एक आधारस्तंभ होता. त्याचा येथील मुनीम चार्ल्स फ्लॅक्समन याने १८३९ मध्ये धन्याला न विचारता त्याच्या नावावर या भागातली २८,००० एकर जमीन घेऊन टाकली. बातमी लंडनला पोहोचण्यास महिने लागत. धन्याला कळले तेव्हा सौदा होऊन चुकला होता, आणि त्या देण्याच्या ओझ्याखाली अँगसचे दिवाळे निघण्याची वेळ आली. पुढे त्याच जमिनीने त्याच्या घराण्याला वैभव दिले, ही गोष्ट निराळी.

आता एवढ्या जमिनीवर राबणार कोण? दक्षिण ऑस्ट्रेलिया ही कैद्यांची वसाहत नव्हती. १८३६ पासूनच ती स्वतंत्र नागरिकांची होती. तेव्हा येथे आले ते प्रशियातले शेतकरी. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने आपल्या राज्यातील दोन प्रॉटेस्टंट पंथ एकत्र करून सर्वांना एकच उपासनापद्धती लावण्याचा हुकूम काढला होता. सायलेशिया, ब्रांडेनबुर्ग, पोझेन या प्रांतांतील जुन्या मताच्या लूथरपंथीयांना हे मानवेना. पाद्री तुरुंगात गेले, मालमत्ता जप्त झाल्या. ऑगस्ट कावेल या पाद्र्याने लंडन गाठून अँगसची भेट घेतली. अँगस स्वतः निराळ्या पंथाचा, परंतु धर्मासाठी छळ सोसणाऱ्यांविषयी त्याला आस्था होती, आणि कष्टाळू, कर्ज फेडणारी कुळे मिळत आहेत हेही त्याच्या व्यापारी नजरेतून सुटले नसावे. त्याने प्रवासाला पैसे कर्जाऊ दिले. १८३८ च्या अखेरीस पहिली जहाजे लागली, आणि १८४२ मध्ये बरोसातले पहिले जर्मन गाव वसले. त्याचे नाव बेथनी.

बेथनी आजही मुद्दाम पाहण्यासारखे आहे. एकच रस्ता, त्याच्या कडेने घरे, आणि प्रत्येक घरामागून ओढ्यापर्यंत गेलेली जमिनीची लांब, अरुंद पट्टी. प्रत्येकाला रस्ता मिळावा, प्रत्येकाला पाणी मिळावे, ही सायलेशियातली वहिवाट त्यांनी जशीच्या तशी येथे आणली. ज्या धर्मनिष्ठेपायी त्यांनी समुद्र ओलांडला, तिने मात्र त्यांना येथेही स्वस्थ बसू दिले नाही. १८४६ मध्ये बेथनीतच भरलेल्या धर्मसभेत कावेल आणि दुसरा पाद्री फ्रिट्शे यांच्यात मतभेद होऊन दोन तट पडले. एकेका लहान गावात लूथरपंथीयांचीच दोन-दोन चर्चे कशी, असा प्रश्न प्रवाशाला पडतो त्याचे कारण हे. ते तट मिटले १९६६ मध्ये, तेही याच खोऱ्यातल्या टनंडा गावी.

हे लोक द्राक्षे लावावयास आले नव्हते. त्यांनी गहू पेरला, भाजीपाला काढला, डुकरे पाळली, आणि माल बाजारात विकला. या भूमीत द्राक्ष उत्तम होईल असे भाकीत केले ते योहानेस मेंगे नावाच्या विक्षिप्त जर्मन खनिजशास्त्रज्ञाने. तो या टेकड्यांतून पायी हिंडला होता. योहान ग्राम्प याने जेकब्स क्रीक या ओढ्याकाठी वेली लावल्या त्या १८४७ मध्ये. इंग्रज सॅम्युअल स्मिथ याने अँगस्टनजवळ यालुंबाचा मळा १८४९ मध्ये सुरू केला. त्याही आधीच्या, १८४३ मध्ये लावलेल्या मानल्या जाणाऱ्या काही वेली टनंडाजवळ लँगमाइल येथे उभ्या आहेत. धर्मस्वातंत्र्यासाठी आलेल्यांची आठवण म्हणून त्या मळ्याला आता ‘फ्रीडम’ असे नाव आहे. ती वेल पाहणाऱ्याची प्रथम निराशाच होते. मांडव नाही, डौल नाही. वडाच्या जुन्या पारंबीसारखे पिळवटलेले, जाड, काळे खोड. कोठे पोकळ, कोठे चिरलेले. आणि त्याच्या डोक्यावर दरसाल फुटणारी चार हिरवी काडी. अशा वेलीवर घड थोडे येतात, मणी बारीक असतात, पण रस गाढ असतो.

ही वेल शिराझ जातीची. इराणातल्या शिराझ शहराशी तिचे नाते जोडणारी कथा बरीच वर्षे सांगितली जात असे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आणि फ्रान्समधील संशोधकांनी जनुकांची तपासणी केली तेव्हा तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधलेच निघाले. ऑस्ट्रेलियात ती आणण्याचे श्रेय जेम्स बस्बी याला देतात. त्याने फ्रान्स आणि स्पेन फिरून जमवलेली शेकडो प्रकारची काडी १८३२ मध्ये सिडनीला आली.

एवढी जुनी शिराझ फ्रान्समध्येही पाहावयास मिळणे दुर्मिळ, आणि याचे कारण एक सूक्ष्म कीड. फिलॉक्सेरा हा मुळांतला रस शोषणारा मव्यासारखा किडा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेला आणि त्याने तेथील द्राक्षमळे उजाड केले. शेवटी अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर युरोपीय जातीचे कलम करणे एवढाच उपाय उरला. आपल्याकडील बागायतदार आज डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाई यांसाठी. युरोपला ते करावे लागले या किडीमुळे. १८७७ मध्ये ही कीड दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शेजारी, व्हिक्टोरियात, आढळली. तेव्हापासून दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरून येणाऱ्या काडीवर कडक बंदी घातली, १८९९ मध्ये त्यासाठी खास कायदा केला, आणि ती कीड आजवर राज्यात शिरू दिलेली नाही. म्हणूनच बरोसातल्या जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. प्रवाशाने रस्त्यावरून उतरून सहज मळ्यात पाऊल टाकू नये. तशा पाट्या जागोजाग लावलेल्या आहेत, आणि त्यांचा राग न मानणेच बरे. बुटाला लागलेल्या मातीतून ती कीड येऊ शकते.

किडीपासून वाचलेल्या या खोऱ्यावर पहिल्या महायुद्धात निराळी आपत्ती आली. तीन पिढ्या येथे काढलेले लोक अचानक शत्रू ठरले. काही जणांना ॲडलेडजवळच्या टॉरेन्स बेटावर स्थानबद्ध केले गेले. १९१७ मध्ये लूथरपंथीयांच्या ४९ शाळा बंद झाल्या, आणि कायदा करून राज्यातील ६९ जर्मन नावे नकाशावरून पुसण्यात आली. ‘ग्नाडेनफ्राय’, म्हणजे ईश्वरी कृपेने मुक्त झालेले, या गावाचे ‘मारानंगा’ झाले. हे नवे नाव आदिवासी भाषेतले. ज्यांची भूमी गेली त्यांचेच शब्द, ज्यांनी ती घेतली त्यांची नावे खोडण्यासाठी वापरावे, हा विचित्र न्याय म्हणावयाचा.

या मारानंगाच्या पलीकडे सेपेल्ट्सफील्ड आहे, आणि तेथे प्रवाशाने सावकाश थांबावे. जोसेफ सेपेल्ट हा सायलेशियातला तंबाखूचा व्यापारी. त्याने १८५१ मध्ये येथे जमीन घेतली ती तंबाखू लावण्यासाठी. तंबाखू जमला नाही, म्हणून तो गव्हाकडे आणि मग द्राक्षाकडे वळला. त्याचा मुलगा बेनो याने १८७८ मध्ये नवी दगडी कोठी बांधून झाल्यावर उत्तमातल्या उत्तम वाइनचे ५०० लिटरचे एक लाकडी पीप बाजूला काढले आणि ते शंभर वर्षे कोणी उघडावयाचे नाही असे ठरवून दिले. त्यानंतर दरसाल एक पीप असेच ठेवण्याचा परिपाठ पडला. महायुद्धे झाली, मंदी आली, पुढे घराण्याच्या हातून मालकीही गेली. पण हा क्रम खंडला नाही. १९७८ मध्ये पहिले पीप उघडले, आणि तेव्हापासून दरवर्षी शंभर वर्षांपूर्वीचे एक पीप उघडते आणि एक नवे ठेवले जाते. ज्याने ते ठेवले तो ते चाखणार नाही, हे दरवेळी उघड असते. लाकडाच्या छिद्रांतून शंभर वर्षांत बराचसा अंश हवेत विरून जातो. उरतो तो काकवीसारखा दाट, काळसर रस. पाहुण्याला त्याच्या जन्मवर्षाच्या पिपातला थेंबभर रस चाखावयास देण्याची तेथे प्रथा आहे. मद्यपानाची भलामण करणे हा येथे हेतू नाही, आणि आपल्या राज्यघटनेतील ४७ व्या कलमाचे ज्यांना स्मरण आहे त्यांनी केवळ पिपांवरची साले वाचीत त्या रांगेतून एक फेरी मारली तरी पुष्कळ आहे.

सेपेल्ट्सफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना खजुराची सुमारे दोन हजार उंच झाडे आहेत. या प्रदेशात ती कशी, असे वाटते. १९३० नंतरच्या मंदीत वाइनला गिऱ्हाईक उरले नव्हते, तेव्हा सेपेल्ट कुटुंबाने कामगारांना घरी न बसवता ही झाडे लावण्याच्या कामावर ठेवले. आपल्याकडे दुष्काळात रस्त्याची खडी फोडण्याची कामे निघत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तो सरकारने नव्हे, एका खाजगी घराण्याने केला.

खोऱ्यावरचा सर्वांत बिकट प्रसंग मात्र बाहेरून आला नाही. १९७० नंतरच्या दशकात लोकांची रुची पालटली. जुनी गोड, कडक, पोर्टसारखी वाइन मागे पडली. लाल वाइनचाही उठाव घटला. सर्वांना पांढरी हवी झाली. जुन्या घराण्यांच्या कोठ्या एकामागून एक मोठ्या कंपन्यांनी विकत घेतल्या होत्या, आणि त्या कंपन्यांची मुख्य कार्यालये खोऱ्यापासून दूर होती. अशाच एका कोठीचा प्रमुख वाइनकार पीटर लेहमान याला वरून हुकूम आला की यंदा शेतकऱ्यांकडून द्राक्षे घ्यावयाची नाहीत. लेहमान जन्माने अँगस्टनचा, पाद्र्याचा मुलगा. त्याने शेतकऱ्यांशी व्यवहार केला होता तो कागदावर नव्हे, हातात हात देऊन. घड वेलीवर पिकत आलेले. आणि द्राक्ष हा काही कोठारात भरून ठेवण्याचा माल नव्हे. त्याने आधी वरिष्ठांशी घासाघीस करून वेळ मारून नेली, आणि पुढे नोकरी सोडून भागीदार मिळवले व स्वतःची कोठी उभारली. १९८० चा हंगाम हा तिचा पहिला. पैसे वाइन विकल्यावर मिळतील, या बोलीवर शेतकऱ्यांनी माल आणून टाकला. कंपनीला त्याने अमेरिकन कथांतल्या एका प्रसिद्ध जुगाऱ्याचे नाव दिले, कारण आपण जुगारच खेळतो आहोत हे तो जाणून होता. हंगामात तो वजनकाट्यापाशी बसे आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याची विचारपूस करी. हा जुगार तो जिंकला. २०१३ मध्ये तो वारला तेव्हा खोऱ्यातली कित्येक घरे त्याचे ऋण मानीत होती.

पण एकट्या माणसाला सारे खोरे तगवता येत नाही. १९८६-८७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने वेली उपटण्याची योजना आणली. जो शेतकरी आपला मळा उपटील त्याला हेक्टरमागे पैसे मिळावयाचे. शासनव्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे तो या योजनेला एकाएकी हसणार नाही. माल अधिक, मागणी कमी, भाव पडलेले, शेतकरी कर्जात. कागदावर या टिप्पणीत चूक काढता येत नाही. शिवाय योजना सक्तीची नव्हती. चूक असली तर ती हिशेबात एक रकाना नसण्याची होती: वेलीचे वय. जी वेल सर्वांत जुनी तिचे उत्पन्न सर्वांत कमी, म्हणून उपटण्यात फायदा तिचाच अधिक. पणजोबांनी लावलेली शिराझ, ग्रेनाश आणि मॅटारो यांची खोडे ट्रॅक्टरला साखळी लावून ओढली गेली आणि त्यांचे ढीग पेटवले गेले. वाचल्या त्या वेली काही हट्टी म्हाताऱ्यांमुळे, आणि अशा काही लहान वाइनकारांमुळे की जे बाजारात भाव नसतानाही जुन्या वेलीच्या द्राक्षांना चढा भाव देत राहिले. दहा वर्षे लोटली नाहीत तोच जगभर बरोसाच्या जुन्या शिराझची कीर्ती पसरली, आणि तिच्या द्राक्षाला कोणी कल्पना केली नव्हती असे भाव आले. उपटलेल्या जागी नवी वेल लावता आली. दीडशे वर्षांची वेल लावता येत नाही.

२००९ मध्ये बरोसाकरांनी जुन्या वेलींची एक सनदच तयार केली. तीत ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा चार पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवरील वेलींना ‘पूर्वज’ म्हणतात. ही नोंद कायद्याने बंधनकारक नाही, पण ज्या मळ्याचे वय लिहिले गेले आहे तो उपटताना माणूस दोनदा विचार करतो. राज्याच्या विधिमंडळानेही २०१२ मध्ये बरोसाच्या स्वरूपरक्षणाचा कायदा केला. ॲडलेडची उपनगरे उत्तरेकडे सरकत येत आहेत, आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून घरे बांधण्याला त्याने आळा घातला. पुणे आणि नाशिक या शहरांच्या भोवतालचे मळे गेल्या दोन पिढ्यांत कसे गेले हे ज्याने पाहिले आहे, त्याने हा कायदा मुद्दाम वाचावा.

संकटे संपली आहेत असे नाही. बरोसाच्या लाल वाइनचे मोठे गिऱ्हाईक चीन झाले होते. २०२० च्या अखेरीस त्याने ऑस्ट्रेलियन वाइनवर दोनशे टक्क्यांहून अधिक जकात बसवली, आणि ती उठली २०२४ च्या मार्चमध्ये. त्या अवधीत कोठ्यांत लाल वाइनचे साठे तुंबले, आणि वेली उपटाव्यात काय, हा प्रश्न देशातल्या द्राक्ष पिकवणाऱ्या भागांत पुन्हा निघाला. भारताशी झालेल्या व्यापारकरारामुळे २०२२ च्या डिसेंबरपासून तेथील महाग वाइनवरची आपली जकात काहीशी उतरली आहे. तिकडे त्याकडे आशेने पाहतात आणि नाशिककडे किंचित काळजीने.

खोऱ्यात आज पाचशेहून अधिक द्राक्षोत्पादक कुटुंबे आहेत, आणि त्यांतली कित्येक सहाव्या पिढीत आहेत. जर्मन बोली आता थोड्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. पण बेकरीत खमंग चुऱ्याचा ‘स्ट्रॉयझेलकूखन’ मिळतो, खाटकाकडे धुरावलेले ‘मेटवुर्स्ट’ टांगलेले असते, आणि टनंडात लाकडी चेंडूने नऊ खुंट्या पाडण्याचा जर्मन खेळ अजून चालतो. १९४७ पासून दर दोन वर्षांनी, सुगी उरकत आली की, खोऱ्यात द्राक्षोत्सव भरतो. प्रवाशाने जावे ते त्या वेळी, एप्रिलच्या सुमारास. वेलींची पाने तेव्हा तांबूस पिवळी होऊ लागलेली असतात, यंत्रे रात्री दिवे लावून शेवटचे मळे तोडीत असतात, आणि जेथे यंत्र चालत नाही त्या जुन्या खोडांपाशी माणसे वाकून हाताने घड काढीत असतात. नाशिककडे त्याच दिवसांत खरड छाटणी सुरू झालेली असते.